मटण कमी करायचं की माळच घालायची?

प्रश्न असा आहे. कोल्हापुरातलं चौघांचं घर. रविवारी मटण, बुधवारी-शुक्रवारी चिकन किंवा अंडी, शिवाय महिन्यातून दोन-तीनदा बाहेरचं. विचारणाऱ्यांचं वय ४४, वजन ७२ किलो, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १५८ आलंय. पत्नीचं हिमोग्लोबिन १०.४. आई ६९ वर्षांच्या, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू. चौदा वर्षांच्या मुलीला जनावर मारणंच पटेनासं झालंय. ती म्हणते, कमी-बिमी नको, मी पूर्णच सोडणार. तर कमी करून काही साधतं का, की सोडायचं तर एकदम सोडावं?

आधी सरळ उत्तर देते. तुमच्या एलडीएलसाठी मांस पूर्ण सोडायची गरज नाही. कमी करणं पुरे आहे, फक्त ते वजनकाट्यावर मोजून आणि तेला-खोबऱ्यासकट कमी करावं लागेल. मुलीचं कारण वेगळं आहे. तिनं पूर्णच सोडलेलं बरं, कारण तिला जे टोचतंय ते एका फोडीनंही टोचणारच. म्हणजे एकाच घरात दोन पद्धती चालतील. चालू द्या. चौघांनी एकदम एकच केलं पाहिजे या हट्टापायी बरीच घरं दोन महिन्यांत जुन्या मुक्कामी परत येतात.

बरेच जण असा बेत करतात की आधी कमी करू, जमलं तर पुढे सोडू. पण या दोन्हींत माणसं वेगवेगळ्या ठिकाणी चुकतात. कमी करणारा चुकतो मोजमापात. ‘हल्ली आम्ही फारसं खात नाही’ म्हणणाऱ्या घरानं दोन आठवडे वहीत लिहून ठेवलं, तर बुधवारचं चिकन बंद झालेलं असतं आणि शनिवारची बिर्याणी सुरू झालेली असते. सोडणारा चुकतो बदलीत. ताटातून मटण जातं आणि तिथे बटाटा येतो.

श्रावण आठवून बघा. महिनाभर मांस नाही, तरी गौरी-गणपतीपर्यंत पुष्कळांचं वजन एक-दीड किलोनं वाढलेलं असतं. कारण त्या महिन्यात साबुदाण्याची खिचडी, वडे, बटाट्याची भाजी, पुऱ्या, शिरा. साबुदाण्यात शंभर ग्रॅमला अर्धा ग्रॅमसुद्धा प्रथिन नसतं. श्रावण हा शाकाहाराचा महिना असला तरी आपण पाळतो त्या पद्धतीनं तो बहुतेक पिठूळ पदार्थांचा महिना होतो. वर्षभर सोडायचं झालं आणि श्रावणाचंच ताट बारा महिने वाढलं, तर त्रास ठरलेला.

म्हणून दोघांनाही, कमी करणाऱ्याला आणि सोडणाऱ्यालाही, पहिलं काम एकच सांगते. घरातली डाळ मोजा. शिजलेली नको, कोरडी मोजा.

आमटीची वाटी म्हटली की आपल्याला वाटतं प्रथिनं मिळाली. पण पातळ आमटीच्या एका वाटीत कोरडी डाळ बारा-पंधरा ग्रॅमच असते, म्हणजे प्रथिनं तीन ग्रॅम. घट्ट वरणाच्या वाटीत तीस ग्रॅम डाळ असते, तिथे साडेसहा-सात ग्रॅम मिळतात. तूर, मूग, मसूर, हरभरा, मटकी, चवळी या सगळ्यांत शंभर ग्रॅम कोरड्या मालामागे साधारण वीस ते चोवीस ग्रॅम प्रथिनं असतात, त्यामुळे कुठली डाळ यापेक्षा किती डाळ हे बघायचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शनात २,००० उष्मांकाच्या ताटासाठी रोज सुमारे ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं किंवा त्याऐवजी अंडी-मांस धरलं आहे. तेवढं मोठं ताट घरातल्या प्रत्येकाचं नसतं, म्हणून माणशी सरासरी ७५ ग्रॅम धरा. चौघांचे रोजचे ३०० ग्रॅम, महिन्याचे नऊ किलो. आता किराण्याची यादी काढा. तूरडाळ दोन किलो, मूगडाळ अर्धा, मटकी अर्धा, बेसन एक, असं मिळून चार किलो भरतं. उरलेलं आजवर मटण-चिकन-अंड्यांनी भरून निघत होतं. मांस निम्मं करायचं तर किराण्यात डाळ-कडधान्य दोन-अडीच किलोनं वाढलं पाहिजे, पूर्ण सोडायचं तर नऊ किलोपर्यंत गेलं पाहिजे. यादी बदलली नसेल, तर घरात मांस कमी झालंय एवढंच. त्याची जागा भरलेली नाही.

तुमचाच हिशोब मांडू. प्रौढाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ७२ किलोला साठ ग्रॅम. दिवसभरात भाकरी-चपातीचं पीठ २०० ग्रॅम खाल्लं तर त्यातून वीस ग्रॅम येतात. तांदूळ ७० ग्रॅम, पाच. डाळ-कडधान्य ८० ग्रॅम, अठरा. दूध-दही मिळून ३०० मिली, दहा. मूठभर शेंगदाणे, पाच. भाज्यांतून तीन-चार. बेरीज साठाच्या वर जाते आणि त्यात मांसाचा एक तुकडा नाही. हाच दिवस डाळ वीस ग्रॅम, दूध चहापुरतं आणि शेंगदाणे फोडणीपुरते असा गेला, तर आकडा चाळिशीच्याही खाली येतो. शाकाहारात प्रथिनं मिळतच नाहीत हे चूक आहे, आणि आपोआप मिळतात हेही चूक आहे. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांतलं लायसिन धान्यात कमी असतं, मेथिओनिन डाळीत कमी असतं. भाकरी-उसळ, खिचडी, इडली अशा जोड्यांत दोन्ही भरून निघतं. एकाच घासात दोन्ही यायला हवं असंही नाही, दिवसभरात आलं की पुरतं.

आता तुमचं एलडीएल. इथे बहुतेकांचा नेम चुकतो. हा आकडा वाढवण्यात मोठा हात असतो संपृक्त चरबीचा, आणि कोल्हापुरी रविवारात ती मटणाच्या मांसल भागात जेवढी असते त्याहून जास्त चरबीच्या गड्ड्यांत, वरच्या कटात आणि सुक्या खोबऱ्याच्या वाटणात असते. सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून जास्त वजन चरबीचं, आणि तीही जवळजवळ सगळी संपृक्त. पांढऱ्या रश्श्यातलं नारळाचं दूध त्यातच आलं. त्यामुळे मटण बंद करून त्याच वाटणात, तेवढ्याच तेलात पनीर सोडलं, तर तीन महिन्यांनी अहवाल जवळपास तोच येतो. शंभर ग्रॅम पनीरमध्ये चरबी वीस ग्रॅमच्या आसपास असते. मग शाकाहार करूनही काही झालं नाही म्हणून माणूस चिडतो.

तुम्ही असं करा. रविवारी चौघांत एक किलो मटण येत असेल तर हाडासकट माणशी पाव किलो पडतं, त्यात खाण्याजोगं मांस १७५ ग्रॅमच्या आसपास. ते अर्ध्या किलोवर आणा, तेही पाठीचं-मांडीचं, चरबी काढून. मटण शनिवारी रात्रीच हळद-मीठ-आलं-लसूण लावून शिजवा आणि अळणी, म्हणजे मटण शिजलेलं बिनमसाल्याचं पाणी, गार करून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर पांढरी चकती जमलेली दिसेल. ती चमच्यानं उचलून टाका. तीन-चार चमचे सहज निघतात, आणि चव खालच्या पाण्यात शाबूत राहते. वाटणात सुकं खोबरं निम्मं करा आणि उरलेला दाटपणा भाजलेले तीळ, भाजलेला कांदा व दोन चमचे भाजलेल्या चणाडाळीनं आणा. खोबरं पूर्ण काढू नका, रस्सा ओका लागतो आणि पुढच्या रविवारी घर जुन्या मापावर येतं.

फोडी निम्म्या केल्या की आणखी एक घडतं, त्याकडे लक्ष ठेवा. रस्सा तेवढाच राहतो आणि भात वाढतो. दोन फोडी आणि तीन वेळा भात, हे कमी करणं झालं नाही. आईंचा मधुमेह असल्यानं तर मुळीच नको. रश्श्याच्या जोडीला त्याच जेवणात कडधान्य ठेवा: मटणात चणाडाळ, खिम्यात अख्खा मसूर. पाव किलो खिमा आणि शंभर ग्रॅम कोरडा मसूर हे प्रमाण चौघांना पुरतं. मसूर वेगळा, थोडा कच्चट शिजवून शेवटच्या दहा मिनिटांत खिम्यात घाला. सुरुवातीपासून एकत्र शिजवला तर त्याचा गाळ होतो आणि खिमा पिठूळ लागतो.

किनारपट्टीच्या जुन्या स्वयंपाकात ही रीत मुरलेली आहे. कोबीत किंवा वांग्यात मूठभर जवळा, वांगं-बटाट्यात चार सोडे, सोड्यांची खिचडी. चाळीस ग्रॅम सुकटीत चौघांची भाजी चविष्ट होते. मांस-मासळी तिथे मसाल्याच्या जागी आहे, ताटाच्या मध्यभागी नाही. ज्यांना चव हवी आणि प्रमाण कमी हवं, त्यांनी ही भांडी आधी शिकावीत. रक्तदाब असेल तर सुकट दोनदा धुऊन घ्या आणि वरून मीठ घालू नका.

वार ठरवताना नवीन काही शोधू नका. सोमवार, गुरुवार, शनिवार तुमच्याकडे पाळत असतील. श्रावण, नवरात्र, एकादशी-चतुर्थी धरली तर वर्षातले निम्मे दिवस घरात तसंही शिजत नाही. तुमच्या मांसाच्या तीन वारांपैकी बुधवार आधी काढा, शुक्रवार अंड्यांचा किंवा माशांचा करा, रविवार अर्ध्या किलोचा. बाहेरचं खाणं याच वारांत मोजा. शनिवारी बाहेर बिर्याणी झाली तर रविवारी घरी मटण नाही. ‘जमेल तसं कमी करू’ या बोलीवर काही कमी होत नाही. वार आणि वजन ही दोनच मापं टिकतात. आणि गटारीला महिन्याभराचं एका दिवसात खायचं नाही.

सॉसेज, सलामी, हॅम, बेकन मात्र आजच बंद करा, कमी-जास्तीचा विचारही नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ साली प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं, आणि मटणासारखं लाल मांस ‘बहुधा कर्करोगकारक’ या त्याखालच्या गटात. लाल मांसासाठी सर्वसाधारण सल्ला आठवड्याला शिजवलेलं, हाडाविना ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत राहण्याचा आहे. रविवारच्या एका वेळेनं ती मर्यादा ओलांडली जात नाही, तेव्हा त्या बाजूनं घाबरून जाऊ नका. मासे सगळ्यात शेवटी कमी करा. बांगडा, तारली यांत ओमेगा-३ आणि बी १२ दोन्ही भरपूर असतं. आरोग्यासाठी म्हणून मासे सोडून चिकन ठेवणं हा उलटा सौदा आहे. तळणं सोडा, हुमण-तिखलं ठेवा.

आता मुलीचं. तिला कमी करण्यात अर्थ वाटत नाही यामागे तर्क आहे. वडिलांच्या कोलेस्टेरॉलसाठी घरानं मटणाऐवजी चिकन सुरू केलं, तर मारले जाणारे जीव वाढतात. एका बोकडाचं साधारण दहा किलो मटण होतं, एका कोंबडीचं सव्वा-दीड किलो. जीव वाचवणं हाच हेतू असेल तर मटणावरून चिकनवर येणं म्हणजे मागे जाणं. ती पुढे दुधाबद्दल आणि अंड्यांबद्दलही विचारेल. दुधासाठी गाय-म्हैस वारंवार व्यावी लागते आणि नर वासरं-रेडके कोणाला नको असतात; अंड्यांच्या धंद्यात नर पिल्लं जन्मतःच मारतात. हे खरं आहे आणि तिच्यापासून लपवू नये. तरीही चौदाव्या वर्षी, वाढ जोरात असताना, मी दूध-दही ठेवायला सांगेन आणि अंड्याचा निर्णय तिच्यावर सोडेन. दूधही सोडायचं झालं तर ते वेगळं काम आहे. बी १२ ची गोळी, कॅल्शियम आणि प्रथिनं यांचा आराखडा आहारतज्ज्ञासमोर बसून करायचा, घरच्या घरी नाही.

पूर्ण सोडताना पहिल्याच दिवशी काय चालेल आणि काय नाही हे लिहून काढावं लागतं. वारकरी माळ घालतात तेव्हा हे सगळं ठरलेलं असतं: मांस, मासे, अंडी, दारू बंद, घरी पाहुणे असोत की शेतावर जेवण. ठरलेलं असतं म्हणूनच ते टिकतं, रोज नव्यानं विचार करावा लागत नाही. तिला माळ घालायची नसेल, पण सीमारेषा तेवढीच ठळक हवी. अंडं चालतं का? केकमधलं? मेयोनीजमधलं? ‘फोडी बाजूला कर, नुसता रस्सा घे’ म्हणणाऱ्या मावशीला काय सांगायचं? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि उत्तर आधी ठरलं नसेल तर मुलगी उपाशी उठते किंवा मन मारून खाते. पाकिटावर हिरवा ठिपका बघायचा. तपकिरी त्रिकोण असेल तर ठेवून द्यायचं. जेली आणि बऱ्याच कॅप्सूलच्या कवचात जिलेटिन असतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होतं. ओमेगाच्या बहुतेक गोळ्या माशांच्या तेलाच्या असतात. शेवाळापासून काढलेलं डीएचए, म्हणजे माशांत असतो तोच ओमेगा-३, वेगळं मिळतं. जवसाची चटणी चांगली आहे, रोज एक मोठा चमचा खावी, पण जवसातल्या ओमेगाचं शरीरात डीएचए फार थोडं होतं.

तिच्या वयाला रोज ४३ ग्रॅम प्रथिनं आणि ३० मिलिग्रॅम लोह लागतं. डब्यात बटाट्याची भाजी-पोळी देऊन हे होणार नाही. मूग-मटकीची घट्ट उसळ, थालीपीठ-दही, बेसनाचं धिरडं, शेंगदाणा-तिळाचा लाडू यांतलं रोज काहीतरी हवं. आणि एक गोष्ट हळुवारपणे बघत राहा: ती मांसाच्या जागी दुसरं खातेय, की नुसतंच कमी खातेय? या वयात काही मुली शाकाहाराच्या आडून जेवणच तोडतात. तूप नको, भात नको, भूक नाही, जेवण झाल्यावर लगेच बाथरूम, पाळी लांबणं, वजन उतरणं, यांतलं काही दिसलं तर तो आहाराचा प्रश्न उरत नाही. डॉक्टरांकडे लवकर जा.

जिभेचं काय करायचं, हा पूर्ण सोडणाऱ्यांचा खरा अडसर. मटणाची आठवण येते तेव्हा बऱ्याचदा आठवण येत असते भाजलेल्या कांद्याची, लसणाची, वाटणाची आणि चावून खाण्याची. आपल्याकडे यावर तयार उत्तरं आहेत. तुमच्याच भागातला ढाब्यावरचा अख्खा मसूर: २०० ग्रॅम मसूर चौघांना, तीन शिट्ट्या, दाणा अख्खा राहिला पाहिजे, वर कांदा-लसूण मसाल्याची फोडणी. माणशी बारा ग्रॅम प्रथिनं. मालवणकडचं काळ्या वाटाण्यांचं सांबारं, विदर्भातली पाटवडी, श्रावणातली अळंबी, कोवळ्या फणसाची भाजी. फणसात प्रथिनं फारशी नाहीत, तो चावण्याची हौस भागवतो. सोबत वरण घट्ट हवं.

यात जुन्नर-आंबेगावकडची मासवडी मी वर ठेवते. ती दिसायला माशासारखी, चवीला झणझणीत आणि सगळी बेसन-तिळाची. चौघांसाठी दोन वाट्या बेसन, चार वाट्या पाणी. तेलात जिरं, हिंग, आलं-लसूण-मिरची, हळद, मीठ. पाणी उकळलं की आच मंद करून एका हातानं बेसन सोडायचं, दुसऱ्या हातानं सतत घोटायचं. गुठळी राहिली तर ती शेवटपर्यंत राहते, म्हणून बेसन आधी चाळून घ्या. झाकण ठेवून पाच-सात मिनिटं वाफ आणा. कडेनं सुटून गोळा एकत्र यायला लागला की शिजलं. कच्चं राहिलं तर टाळूला चिकटतं. सारणाला भाजलेलं खोबरं, त्याच्या निम्मे तीळ, थोडी खसखस, परतलेला कांदा, लसूण, कोथिंबीर, काळा मसाला. ओलं करून घट्ट पिळलेलं कापड पसरा आणि पीठ कढत असतानाच ओल्या हातानं पातळ थापा. गार होऊ दिलं की तडे जातात, आणि बहुतेकांची मासवडी इथेच फसते. मध्ये सारण, दोन्ही बाजूंनी कापडानंच दुमडायचं, वरून दाबून माशाच्या पाठीसारखा उंचवटा द्यायचा. पूर्ण निवल्यावर बोटभर जाडीच्या वड्या कापा. रस्सा वेगळा, वाढताना वरून. आधी बुडवून ठेवली तर वडी फुटते. बेसनाचेच माणशी दहा-अकरा ग्रॅम प्रथिनं झाले, तीळ वेगळे.

सोयाबीनच्या वड्या लोकांना आवडत नाहीत कारण त्या नीट पिळल्या जात नाहीत. मिठाच्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं, मग गार पाण्यात दोनदा चोळून धुवायच्या, दर वेळी मुठीत घट्ट पिळायच्या. उग्र वास त्या पाण्याबरोबर जातो आणि पिळलेल्या वडीत मसाला शिरतो. तीस ग्रॅम कोरड्या वड्यांत पंधरा ग्रॅम प्रथिनं. थायरॉईडची गोळी चालू असेल तर गोळी आणि सोया यांत चार तासांचं अंतर ठेवा.

बी १२ बद्दल सविस्तर सांगणं भाग आहे, कारण नुकसान होतं ते इथेच आणि ते फार उशिरा कळतं. हे जीवनसत्त्व वनस्पतीत नसतं. इडली-डोशाचं आंबवण, मोड, स्पिरुलिना, यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही. यकृतात साठा असतो, तो दोन-चार वर्षं पुरतो. म्हणून सोडल्यावर पहिलं वर्ष झकास जातं आणि माणूस बेफिकीर होतो. मग पायांना मुंग्या, थकवा, जीभ लाल-गुळगुळीत होणं, विसरभोळेपणा. मज्जातंतूंचं नुकसान लांबलं तर पूर्ण भरून येत नाही. दुधात शंभर मिलीला अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं, उकळून आटवलं की आणखी कमी. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे दोन वाट्या दूध-दही निम्म्यापर्यंत नेतं. एका बांगड्यात दोन-तीन दिवसांची गरज भागते, यावरून फरक लक्षात येईल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांपैकी दोनतृतीयांश जणांत बी १२ कमी निघालं होतं. आठवड्यातून एकदा दोन फोडी खाणाऱ्यानंही स्वतःला यातून वगळू नये.

चौघांचीही तपासणी आधी करा, गोळी नंतर. गोळ्या सुरू करून मग रक्त दिलं की आकडा फुगलेला येतो आणि खरं काय ते झाकलं जातं. २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता, २०० ते ३०० मध्ये शंका. तेव्हा रक्तातलं होमोसिस्टीन बघतात, बी १२ कमी पडलं की ते वाढतं. कमतरता निघाली तर इंजेक्शन की गोळी, किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील. आकडा ठीक असेल तर मुलीला रोज दहा मायक्रोग्रॅमच्या आसपासची गोळी पुरते. नुसती फॉलिक ॲसिडची गोळी मनानं घेऊ नका. रक्त सुधारलेलं दिसतं आणि मज्जातंतूंचं नुकसान आत चालू राहतं.

आईंच्या बाबतीत यात सगळ्यात जास्त घाई करा. मेटफॉर्मिननं बी १२ चं शोषण घटतं, पित्ताच्या गोळ्या रोज चालू असतील तर आणखी घटतं. पायांच्या मुंग्या साखरेमुळे आहेत असं समजून वर्षं जातात. त्यांनी या वयात मांस सोडावं असं मी सुचवणार नाही, आधीच घास कमी असतो आणि स्नायू झिजत असतात. मटण चावत नसेल तर रोज एक उकडलेलं अंडं, मऊ शिजवलेला मासा, मुगाच्या डाळीचं घट्ट वरण, दही. त्यांना माळ घालायची इच्छा असेल तर मन मोडू नका. अंड्याच्या जागी दोन वाट्या दही-ताक आणि तीस ग्रॅम जास्त डाळ रोज गेली पाहिजे आणि बी १२ डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरू पाहिजे. मूत्रपिंडाचा आकडा वाढलेला असेल तर प्रथिनं परस्पर वाढवू नका.

पत्नीचं १०.४ हिमोग्लोबिन खाण्यानं एकट्यानं भरून येणार नाही. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का हे आधी बघून घ्या, फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणी, करा, लोहाची गोळी लागेल. मटणातलं लोह आकड्यानं फार नसतं, शंभर ग्रॅमला दोनेक मिलिग्रॅम, पण ते सहज शोषलं जातं आणि सोबतच्या भाकरी-भाजीतलं लोहही ओढून घेतं. तोच मटणाचा खरा उपयोग. म्हणून त्यांनी आकडा बाराच्या वर जाईपर्यंत आहे ते कमी करू नये. पुढे कमी करताना बाजरीची भाकरी, मटकी, हिरवा माठ, हळिवाचा लाडू, आणि ताटात लिंबाची फोड रोज. पेरू-आवळ्याच्या दिवसांत तेही. जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकला. एवढ्या एका सवयीनं भाजी-भाकरीतल्या लोहाचा बराच भाग वाया जायचा थांबतो. कडधान्यं आठ-दहा तास भिजवून, पाणी फेकून, मोड काढून शिजवली की लोह अडवून धरणारं फायटेट उतरतं आणि लोह-जस्त मोकळं होतं.

पहिले दोन-तीन आठवडे पोट फुगेल. त्यात शाकाहाराचा दोष नाही, घाईचा आहे. रोजचं कोरडं कडधान्य दर आठवड्याला माणशी पंधरा ग्रॅमनं वाढवत जा. आधी मूग आणि मसूर, मग मटकी-चवळी, राजमा-छोले-वाल महिन्यानंतर. मोड कच्चे खाऊ नका, आईंना तर नकोच, वाफवून घ्या. राजमा भिजवल्याशिवाय आणि दणदणीत उकळल्याशिवाय खायचा नाही. संध्याकाळी पाचच्या सुमारास फरसाणावर हात जाऊ लागला तर दुपारच्या जेवणात डाळ कमी पडली असं समजा. त्या वेळी फुटाणे-शेंगदाणे समोर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दुपारचं वरण घट्ट करा.

जत्रेचं आणि पाहुण्यांचं आधी बोलून ठेवा. यजमानानं कोंबडी कापल्यावर ‘मी खात नाही’ म्हणणं त्यालाही लागतं आणि मुलीलाही. दोन दिवस आधी फोन करून सांगितलं की पिठलं-भाकरी आनंदानं होते. तुमच्यासाठी जत्रा हा त्या आठवड्याचा रविवार धरा. मुलीकडून कधी चुकून काही खाल्लं गेलं तर दुसऱ्या जेवणापासून पुन्हा सुरू. घरात त्यावरून चिडवणं नको. तिच्यासाठी एक कढई आणि झारा वेगळा ठेवा, तेलही वेगळं. खर्च फारसा नाही आणि रोजचा वाद मिटतो.

तारखा अशा धरा: या आठवड्यात चौघांचं हिमोग्लोबिनसह पूर्ण रक्तचित्र आणि बी १२, पत्नी व मुलीचं फेरिटिन, तुमचं लिपिड तुमच्याकडे आहेच. तीन महिन्यांनी तुमचं लिपिड आणि पत्नीचं हिमोग्लोबिन पुन्हा. एलडीएल तोवर १३० च्या खाली आलं नसेल तर मटण आणखी कमी करण्याआधी तेलाचा डबा बघा: चौघांना महिन्याला तीन-सव्वातीन किलो तेल-तूप पुरतं, त्याच्या पुढचं कुठे जातंय ते शोधा, आणि तो आकडा घेऊन डॉक्टरांकडे जा. मुलीचं बी १२ सहा महिन्यांनी एकदा आणि नंतर दर वर्षी, तिला कितीही बरं वाटत असलं तरी.